बाळाच्या अंगावरचा लाल डाग: सव्वा महिना संपायची वाट पाहू नका

जुळेसोलापूरची

नमस्कार मंडळी. परवा आमच्या सोसायटीत बारशाला गेले होते. पाळण्यातल्या बाळाच्या मानेच्या घडीत लाल ठिपक्यांचा पुंजका दिसला. आजी म्हणाल्या, "जन्मखूण आहे, जाईल हळूहळू." अडीच वर्षांपूर्वी हेच वाक्य माझ्या घरात रोज ऐकू यायचं. घरी आले आणि लिहायलाच बसले.

माझी मुलगी चौतिसाव्या आठवड्यात झाली, वजन १ किलो ९००. जन्मली तेव्हा उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर एक फिकट पट्टा होता, आजूबाजूच्या कातडीपेक्षा पांढुरका, तिथलं रक्त कुणी बोटाने दाबून धरल्यासारखा. आम्हाला वाटलं, पापणीला काही लागलं असेल. बाराव्या दिवशी त्या पट्ट्यात सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके आले. विसाव्या दिवशी ठिपके एकमेकांत मिसळले. सव्वा महिन्याला तिथे पिकल्या बोरासारखी मऊ गाठ होती आणि डोळा निम्मा झाकला होता.

त्या दिवसांत सासूबाई म्हणायच्या, ग्रहणात हिने कात्री हातात धरली असणार. आई म्हणायची, सव्वा महिना झाल्याशिवाय बाळ उंबऱ्याबाहेर काढायचं नाही, त्यात हे बाळ आधीच अशक्त. दोघींचा जीव तिच्यावरच होता. ज्या दवाखान्यात बाळंतपण झालं तिथे फोन केला तर उत्तर आलं, "असे डाग आपोआप जातात, काळजी करू नका." मला ते ऐकायचंच होतं, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

हा हिमँजिओमा होता. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी भराभर वाढून होणारी, कर्करोगाशी संबंध नसलेली गाठ. शंभरातल्या चार-पाच बाळांना होते, मुलींना जास्त, आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या बाळांना आणखी जास्त. ती आपोआप ओसरते हे खरं आहे. पण त्याआधी वाढते, आणि तिची सगळ्यात जोराची वाढ साडेपाच ते साडेसात आठवड्यांच्या दरम्यान होते. दिवस मोजा: अडतिसावा ते बावन्नावा. म्हणजे आपला सव्वा महिना संपतो आणि आपण बाळाला पहिल्यांदा बाहेर काढतो, नेमकी तेव्हा ती सुसाट सुटलेली असते. तीन महिन्यांपर्यंत बहुतेक गाठी आपल्या शेवटच्या आकाराच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत पोचलेल्या असतात. म्हणून जाणकार डॉक्टर सांगतात की शंका असेल तर बाळ एक महिन्याचं व्हायच्या आत दाखवा.

आम्ही पोचलो पन्नासाव्या दिवशी. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं मला शब्दन् शब्द आठवतं. तान्ह्या बाळाचा मेंदू बघायला शिकत असतो. एक डोळा झाकलेला राहिला तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि डोळा आळशी होतो. शिवाय पापणीतली गाठ बुबुळावर दाब देते, त्याचा गोलावा बिघडतो. औषधाने गाठ उतरली, पण तोवर बुबुळ वाकडं झालं होतं. लेकीला आज त्या डोळ्याला सिलिंडरचा नंबर आहे आणि चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी लावावी लागते. पट्टी काढली की ती आधी माझा चेहरा चाचपते. तीन आठवडे आधी गेलो असतो तर यातलं किती टळलं असतं, हा विचार मला अजून सोडत नाही.

कुणाच्या घरी असं बाळ असेल तर इथे विचारा. फोटो मात्र इथे टाकू नका, ते डॉक्टरांना दाखवा.

अक्कलकोटरोड

ताई, तुमचं वाचून हातपाय गळाले. मुलगा दीड महिन्याचा आहे. दोन्ही पापण्या गुलाबी, कपाळाच्या मधोमध भुवयांपासून केसांपर्यंत गुलाबी पट्टा, मानेच्या मागे केसांखालीही. सपाट आहे, हाताला काही लागत नाही. रडला की लालभडक होतो. जन्मापासून तसाच आहे. हा तोच का?

बालवैद्य

मी सोलापुरातच लहान मुलांचा डॉक्टर आहे. लिहिलेल्यावरून निदान होत नाही, ते बाळ बघूनच करायचं असतं, पण तुमचं वर्णन सॅमन पॅचचं आहे. नवजात बाळांत सगळ्यात जास्त दिसणारी लाल खूण हीच. कातडीतल्या केशवाहिन्या थोड्या रुंदावलेल्या असतात, एवढंच. पापण्यांवरचे डाग बहुतेक वर्ष-दोन वर्षांत फिके होऊन जातात, कपाळावरचा थोडा जास्त रेंगाळतो, आणि मानेमागचा बऱ्याच जणांना जन्मभर राहतो. तुमच्या घरातल्या मोठ्यांच्या माना केस बाजूला करून बघा, एखाद्याच्या सापडेल. त्याला काही करायचं नाही. दीड महिन्याच्या लसीला जाल तेव्हा डॉक्टरांना दाखवा आणि आज झोपा.

आता सगळ्यांसाठी थोडं सविस्तर. पूर्वी प्रत्येक लाल डागाला हिमँजिओमा म्हणायचे आणि त्यामुळे उपचारांत फार घोळ व्हायचा. १९८२ साली बॉस्टनच्या मलिकन आणि ग्लोवाकी यांनी यांची दोन घराणी वेगळी केली. एका घराण्यात पेशी खरोखर वाढतात. ते पावसाळ्यातल्या गवतासारखं आहे: आधी दिसत नाही, मग झपाट्याने माजतं, मग आपोआप वाळतं. हिमँजिओमा या घराण्यातला. दुसऱ्या घराण्यात पेशी वाढत नाहीत, रक्तवाहिन्यांची घडणच मुळात चुकलेली असते. आपल्याकडच्या लोकांना चादरीचं उदाहरण पटकन कळेल. विणताना चुकलेला धागा धुऊन जात नाही, तो चादरीबरोबर राहतो. पोर्ट वाइन स्टेन, म्हणजे दारूच्या रंगाचा सपाट डाग, या घराण्यातला.

म्हणून आईबापांनी मला फोनवर विचारलं की मी दोन प्रश्न उलटे विचारतो. जन्माच्या दिवशी होता का? आणि बाळ वाढतंय त्यापेक्षा डाग जोरात वाढतोय का? हिमँजिओमा जन्माच्या दिवशी बहुतेक नसतो किंवा ताईंनी लिहिल्यासारखा नुसता फिका पट्टा असतो, आणि पहिल्या काही आठवड्यांत वाढतो. दारूच्या रंगाचा डाग पहिल्या दिवसापासून पूर्ण असतो आणि बाळाच्या अंगाबरोबर त्याच प्रमाणात मोठा होतो.

आपल्या सावळ्या कातडीवर एक अडचण आहे. पुस्तकातले फोटो गोऱ्या बाळांचे असतात. आपल्याकडे तोच डाग लालऐवजी जांभळट किंवा विटकरी दिसतो आणि फिका असेल तर दिसतच नाही. बाळाला ट्यूबलाइटखाली बघू नका, सकाळी खिडकीपाशी उजेडात बघा.

अक्कलकोटरोड

डॉक्टर, आत्ताच आईची मान पाहिली. आहे! साठ वर्षांत तिलाच माहीत नव्हतं. मनापासून आभार.

हातमाग

मी सोलापूरच्या पूर्व भागातला, वय ४१. घरी तेलुगू बोलतो, शिक्षण मराठीत झालं. डॉक्टरांनी सांगितलेला दुसऱ्या घराण्यातला डाग माझ्या चेहऱ्यावर आहे. डावं कपाळ, पापणी, गाल. लहानपणी गुलाबी होता, आता गडद जांभळा आणि खरखरीत झालाय, गालावर बारीक उंचवटे आलेत.

आईने मला कुठे कुठे नेलं ते सांगत नाही. ज्याने जे सांगितलं ते केलं. शाळेत मुलं हात लावायची नाहीत, लागट आहे म्हणायची. हे मी रडगाणं म्हणून लिहीत नाही. लिहितोय ते एका गोष्टीसाठी.

तेहतीस वर्षांचा असताना चष्म्यासाठी डोळे तपासायला गेलो. तिथल्या मॅडमनी डाग बघितला आणि लगेच डोळ्याचा दाब मोजला. डाव्या डोळ्यात काचबिंदू निघाला. बाजूची नजर बरीच गेली होती आणि मला पत्ता नव्हता, कारण समोरचं स्वच्छ दिसत होतं. मागावर काम करताना डाव्या बाजूचा धोटा दिसायला मान वळवावी लागायची, ती माझी सवयच आहे असं मी धरून चाललो होतो. त्या मॅडम म्हणाल्या, पापणीवर असा डाग असलेल्या मुलाच्या डोळ्याचा दाब तान्हेपणापासून मोजत राहायला हवा. तेहतीस वर्षांत एवढे वैद्य, एवढे डॉक्टर झाले, हे कुणीच सांगितलं नव्हतं. आता रोज थेंब घालतो. जेवढी नजर आहे तेवढी टिकून आहे.

तेव्हा ज्यांच्या बाळाच्या कपाळावर किंवा पापणीवर जन्मापासून गडद सपाट डाग आहे त्यांनी डागाचं पुढचं पुढे बघावं, डोळा आधी तपासून घ्यावा.

बालवैद्य

हातमाग, तुम्ही लिहिलंत ते मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे.

यात भर एवढीच. कपाळावरच्या अशा डागाबरोबर कधीकधी मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्याही तशाच घडलेल्या असतात. त्याला स्टर्ज-वेबर म्हणतात. त्यात झटके येऊ शकतात, बहुतेक पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच. म्हणून कपाळावर डाग असलेल्या बाळाचा एक हात किंवा पाय वारंवार झटकत असेल, नजर एका जागी थिजत असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हजारात साधारण तीन बाळांना दारूच्या रंगाचा डाग असतो, त्यातल्या थोड्यांनाच हे होतं. गालावर, हातापायावर असलेल्या डागाला ही भीती सहसा नसते.

डाग फिका करायला पल्स्ड डाय लेझर वापरतात. त्याचा प्रकाश रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये शोषला जातो आणि रुंदावलेल्या वाहिन्या मिटतात. कातडी पातळ असताना, लहानपणी, तो चांगला चालतो. एका बैठकीत काम होत नाही, बऱ्याच लागतात, आणि डाग पूर्ण जाईल असं वचन कुणी देत असेल तर सावध व्हा. सावळ्या कातडीवर काळे-पांढरे चट्टे उमटू शकतात, म्हणून आपल्यासारख्या कातडीवर काम केलेला हात शोधा.

विजापूररोडचेआजोबा

मी ७२ वर्षांचा आहे. आमच्या पिढीने ग्रहण पाळलं. सुनेला गेल्या वर्षी ग्रहणात भाजी चिरू दिली नाही. नातवाला तरी मांडीवर डाग आहेच. मग हा येतो कशाने? सुनेला घरात उगाच बोल लागतो म्हणून विचारतो.

बालवैद्य

आजोबा, तुम्ही विचारलंत हे फार चांगलं केलंत. दारूच्या रंगाच्या डागाचं कारण २०१३ साली सापडलं. गर्भ पोटात घडत असताना एकाच पेशीत, जीएनएक्यू नावाच्या जनुकात, एक अक्षर बदलतं. त्या पेशीपासून पुढे जेवढी कातडी होते तेवढ्याच भागात डाग येतो. हा बदल आईकडून येत नाही, वडिलांकडून येत नाही आणि खाण्यापिण्याने, चिरण्या-कापण्याने होत नाही. हिमँजिओमाचं नेमकं मूळ वेगळं आहे, पण तोही आईच्या कुठल्याच चुकीने होत नाही. सुनेला हे तुमच्या तोंडून कळलं तर तिला जास्त बरं वाटेल.

विजापूररोडचेआजोबा

आज रात्री जेवताना सांगतो.

बार्शीकर

घरगुती उपायांबद्दल लिहा कुणीतरी, नाहीतर मीच लिहितो. माझ्या भाच्याच्या मांडीला, लंगोटाच्या जागी, अशी लाल गाठ होती. गावातल्या एकाने बिब्बा लावायला सांगितला आणि घरच्यांनी लावला. दुसऱ्या दिवशी कातडी सोलली, जखम झाली, त्यात शी-शू लागून चिघळली. दोन महिन्यांचं पोर लंगोट बदलताना असं किंचाळायचं की शेजारी धावत यायचे. गाठ पुढे गेली. बिब्ब्याचा व्रण आहे तसाच आहे. चुना नको, बिब्बा नको, डागणं तर नकोच नको.

बालवैद्य

काही न लावताही लंगोटाखाली, ओठावर, मानेच्या घडीत असलेल्या गाठी फुटतात, कारण तिथे घर्षण आणि ओल असते. जखम होणं ही हिमँजिओमातली सगळ्यात जास्त आढळणारी गुंतागुंत आहे आणि ती फार दुखते. गाठीवरची कातडी मध्येच करडी-पांढुरकी दिसू लागली तर ती फुटायच्या बेतात आहे असं समजा. साधी पेट्रोलियम जेली दिवसातून चार-पाच वेळा लावली तर घर्षण कमी होतं. रक्त आलं तर घाबरू नका. स्वच्छ कापड घेऊन घड्याळ लावून दहा-पंधरा मिनिटं दाबून धरा. मध्ये उचलून बघायचं नाही, बहुतेक जण तिथेच चुकतात.

आशाताई

मी उत्तर सोलापूर तालुक्यात आशा आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतो. वजन, ताप, नाळ, दूध ओढतंय का, हे सगळं बघतो. पण खरं सांगते, बाळ दुपट्यात गच्च बांधलेलं असतं, डोक्याला टोपरं, आणि उन्हाळा असला तरी आजी उघडू देत नाहीत. आईने स्वतःहून "ताई, हे जरा बघा" म्हटलं तर आम्हाला दिसतं.

हा धागा वाचल्यापासून मी एकविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी मुद्दाम अंग उघडून बघायला लागले. डोक्याचे केस बाजूला करून, कानामागे, काखेत, कमरेच्या खाली, सगळीकडे. लाल ठिपका दिसला की शेजारी शिवणाची टेप धरून आईच्याच मोबाइलवर फोटो काढायला सांगते, आणि पुढच्या खेपेला तसाच पुन्हा. दोन फोटो शेजारी ठेवले की आजींना वेगळं समजवावं लागत नाही. मागच्या आठवड्यात एक आजी स्वतःच म्हणाल्या, "अगं, हे तर वाढलालंय की!"

मोहोळचीलेक

पहिलं बाळंतपण, माहेरी मोहोळला आहे. मुलगी १९ दिवसांची. खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात लाल ठिपका, चार दिवसांपूर्वी मोहरीएवढा होता, आज डाळीच्या दाण्याएवढा. दूध पिते आहे. आई म्हणते सव्वा महिना होऊ दे. नवरा पुण्याला. काय करू?

जुळेसोलापूरची

बाई गं, जा. उद्याच जा. आईंना म्हणावं, देवळात किंवा पाहुण्यांकडे नेत नाही, डॉक्टरकडे नेतेय. माझी आई या एका वाक्यावर शेवटी तयार झाली होती. सकाळी लवकर निघा म्हणजे उन्हाच्या आत परत याल. सिव्हिललाही लहान मुलांची आणि त्वचेची ओपीडी आहे, खर्चाची अडचण असेल तर तिथे जा. फोटो घेऊन जा, तारखेसकट.

बालवैद्य

ओठ म्हणजे थांबायची जागा नाही. फुटला तर दूध ओढताना दुखतं, शिवाय ओठाचा आकार बिघडून राहू शकतो.

कुठल्या गाठींना ताबडतोब दाखवायचं ते इथेच लिहितो. डोळ्याभोवती, नाकाच्या शेंड्यावर, ओठावर आणि लंगोटाच्या जागी असलेल्या. हनुवटी आणि गळ्याच्या भागात, पुरुषांना दाढी येते त्या पट्ट्यात पसरलेली गाठ असेल तर आत श्वासनलिकेतही असू शकते. बाळाच्या श्वासाचा घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल तर रात्र काढू नका. चेहऱ्याच्या मोठ्या भागावर पसरलेली असेल तर मेंदूच्या रक्तवाहिन्या, हृदय आणि डोळे तपासावे लागतात. पाठीच्या खाली, कण्याच्या अगदी मध्यावर असेल तर आत मज्जारज्जूची तपासणी लागते. आणि अंगावर पाच किंवा जास्त लहान लहान गाठी असतील तर पोटाची सोनोग्राफी करून यकृत बघतात. बाकी पाठीवर, दंडावर, पोटावर एखादी छोटी गाठ असेल आणि ती शांत असेल तर खरोखरच नुसतं लक्ष ठेवायचं असतं. बहुतेक मुलांत वर्षाच्या आसपास ती करडी पडू लागते आणि चार वर्षांपर्यंत बरीचशी बसते. मोठ्या गाठींच्या जागी मात्र सैल कातडी किंवा बारीक लाल रेषा मागे राहू शकतात.

औषधपेठ

मी फार्मासिस्ट, औषधाबद्दल लिहितो. प्रोप्रानोलॉल हे रक्तदाबाचं आणि हृदयाचं जुनं औषध. फ्रान्समध्ये बोर्दोच्या डॉ. क्रिस्टीन लेओते-लाब्रेझ यांच्याकडे नाकावर मोठा हिमँजिओमा असलेलं एक मूल होतं. तेव्हाचा उपचार म्हणजे स्टेरॉइड. त्याने हृदयाचा स्नायू जाड झाला म्हणून हृदयासाठी प्रोप्रानोलॉल दिलं, आणि दुसऱ्याच दिवशी गाठीचा लालभडक रंग जांभळट झाला, ती मऊ पडली. एका दिवसात झालेला रंगबदल त्यांनी टिपला, २००८ साली अकरा मुलांचे अनुभव छापले, आणि जगभरातला उपचार बदलला. अमेरिकेत मार्च २०१४ मध्ये त्याला याच कामासाठी रीतसर मान्यता मिळाली. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ काउंटरवर तसाच उभा होतो.

आता काळजीचं. डोस बाळाच्या वजनावर ठरतो, साधारण दिवसाला किलोमागे दोन ते तीन मिलिग्रॅम, विभागून. कमी डोसने सुरुवात करतात आणि पहिल्या डोसनंतर दोन तास नाडी आणि रक्तदाब बघतात. हे औषध उपाशीपोटी देऊ नये, रक्तातली साखर उतरते. दूध पाजताना किंवा पाजून झाल्यावर लगेच द्यायचं. बाळ उलट्या करत असेल, दूध सोडलं असेल, छातीत घरघर असेल तर तो डोस थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. हातपाय गार पडणं, झोप चाळवणं हे होतं, त्याचीही कल्पना द्या. आणि हात जोडून विनंती: मोठ्यांची गोळी घरी मोडून अंदाजाने देऊ नका. माझ्याकडे एकजण अशी चिठ्ठीशिवाय मागायला आला होता, मी दिली नाही. बाळ वाढतं तसं वजन घेऊन डोस पुन्हा काढावा लागतो. साधारण सहा महिने तरी चालतं, बऱ्याचदा वर्षाचं होईपर्यंत.

बारीक, वरवरच्या गाठींना काही डॉक्टर टिमोलॉलचे थेंब कातडीवर लावायला देतात.

हातमाग

टिमोलॉल? तेच मी रोज डोळ्यात घालतो.

औषधपेठ

हो, काचबिंदूचं तेच औषध, प्रोप्रानोलॉलच्याच घरातलं. पण बाळाला किती थेंब ते डॉक्टरच सांगणार, कारण ते कातडीतूनही रक्तात जातं.

निळीफुली

माझ्या मुलाच्या कुल्ल्यांवर आणि कमरेवर निळसर-करडे मोठे डाग आहेत, जन्मापासून. मारल्यासारखे दिसतात. पाळणाघरातल्या बाईंनी विचारलं तेव्हा मला रडू आलं.

बालवैद्य

ते बहुधा रक्तवाहिन्यांचे नाहीत. कातडीच्या खोल थरात राहिलेल्या रंगद्रव्याचे आहेत. आपल्याकडच्या असंख्य बाळांना असतात आणि शाळेत जायच्या वयापर्यंत बहुतेक पुसट होतात. फाइलमध्ये डॉक्टरांकडून नोंद करून ठेवा, पाळणाघरात ती दाखवा. मात्र निळसर जागा उंच, मऊ, दाबली की दबणारी आणि वाढणारी असेल तर तो कातडीखालचा खोल हिमँजिओमा असू शकतो, तो दाखवावा लागतो.

मोहोळचीलेक

सगळ्यांना सांगायचं होतं. विसाव्या दिवशी सकाळी गेलो. आई सोबत आली, बाळाला स्वतःच्या पदराखाली धरून. डॉक्टरांनी ओठ बघितला, छाती तपासली, वजन घेतलं, ईसीजी काढला. हिमँजिओमाच आहे म्हणाले. आठवड्याने पुन्हा बोलावलं, फोटो बघितले, वाढ दिसत होती. पाचवा आठवडा पूर्ण झाला तेव्हा दिवसभर दवाखान्यात ठेवून पहिला डोस दिला.

आज ३८ वा दिवस. औषध सुरू होऊन तीनच दिवस झालेत. रंग लालभडकचा विटकरी झालाय आणि मधला भाग जरा बसलाय, माझा भास नाही, आईलाही दिसतो. फुटलेला नाही. जेली लावतो.

एक विचारायचं होतं. रात्री शेवटच्या डोसनंतर बाळ पाच-सहा तास झोपतं. उठवून पाजायचं का?

जुळेसोलापूरची

हो, मी उठवायचे. आम्हाला त्या वयात चार तासांपेक्षा जास्त उपाशी ठेवू नका असं सांगितलं होतं, तू तुझ्या डॉक्टरांना तुझ्या बाळाचं नक्की विचारून घे. मी मोबाइलवर रात्री दीडचा गजर लावायचे. तळपाय कुरवाळले की डोळे न उघडता पिते बघ. औषधाची सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला, जिभेवर नाही, थेंब थेंब. थुंकून टाकलं तर पुन्हा द्यायचं नाही, पुढच्या वेळेची वाट बघायची.

मोहोळचीलेक

गजर लावला. सिरिंजचं आईला दाखवते, सकाळचा डोस आता तीच देते.